ताण तोडताना

आयुष्यभर गणित शिकवलेल्या माणसाला तीनपर्यंत मोजता येत नाही, हे कळायला मला सदुसष्टावं वर्ष उजाडावं लागलं. शाळेत छत्तीस वर्षं पोरांकडून पाढे घोकून घेतले, बेरजेत एकाची चूक झाली तर वहीभर लाल शाई सांडली, आणि आता निवांतपणी एका पोलिश नाचासमोर बसलो, तर एक, दोन, तीन ही तीन माणसं काही केल्या ओळीत उभी राहीनात. एक वेळेवर हजर असतो. तीन धापा टाकत का होईना, पोचतो. मधला दोन मात्र वाटेत कुणी सोयरा भेटल्यासारखा रेंगाळतो. बरं, तो रेंगाळला नाही तर म्हणे नाच होतच नाही, नुसती कवायत होते. माझ्या वर्गात असा मुलगा असता तर मी त्याला बाकावर उभं केलं असतं. इथं मी रोज सकाळी त्याचीच वाट पाहत बसतो.

हे सगळं सुरू झालं एका लांबट खोक्यापासून. पुण्याच्या नातवासाठी घेतलेला विजेवरचा पियानो, त्याचा उत्साह दोन उन्हाळ्यांत ओसरल्यावर, शेंदूरजनाघाटला आमच्या घरी आला. जुनी कपाटं, कुरकुरणारे पंखे आणि लेकरांचे उतरलेले उत्साह शेवटी गावाकडच्या घरीच येतात. वरूड तालुक्यातलं हे आमचं गाव म्हणजे सातपुड्याच्या पायथ्याशी टेकून बसलेलं. भोवताली संत्र्याच्या बागा आणि संत्र्याच्याच रोपवाटिका. इथं गाड्या येतात त्या कलमं भरून न्यायला, काही देऊन जाणारी गाडी विरळाच. त्यामुळे खोकं उतरलं तेव्हा निम्मी गल्ली ओसरीत जमली. ८८ पट्ट्यांकडे बराच वेळ पाहून शेजारच्या काकांनी विचारलं, "मास्तर, याचा भाता कुठी हाय जी?" भाता नाही म्हटल्यावर त्यांचा चेहरा पडला. "मंग हवा कोन भरते?" मी विजेच्या तारेकडे बोट दाखवलं. त्यांनी तारेकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि बिनभात्याच्या पेटीवर जेवढा विश्वास ठेवता येतो तेवढा ठेवून ते निघून गेले. त्या दिवसापासून गल्लीत तिचं नाव कॅसिओ पडलं. लग्नाच्या बँडमध्ये असतो तो कॅसिओ, फक्त मास्तरांचा जरा लांब.

पेटी मला थोडीफार येत होती. आमचे बाबा तुकडोजी महाराजांच्या वेडापायी मोझरीच्या वाऱ्या करत, आणि घरच्या भजनात ते खंजिरी घेत, मी पेटी धरी. पण खोक्याच्या तळाशी नातवाचं पाश्चात्त्य स्वरलिपीचं पुस्तक सापडलं तेव्हा खरी चैन झाली. पाच आडव्या रेघा आणि त्यांवर चढणारे-उतरणारे ठिपके, म्हणजे आलेखाचा कागदच की! आडव्या अक्षावर काळ, उभ्या अक्षावर स्वर. चार महिन्यांत मला ठिपके वाचता यायला लागले. पुस्तकाच्या मागच्या अंगाला, जरा सोप्या तुकड्यांत, शोपँ या पोलिश संगीतकाराचा एक माझुर्का होता, म्हणजे सुरुवातीला म्हटलेला तोच नाच. ६८व्या ओपसमधला, म्हणजे रचनासंचातला, दुसरा, 'अ' मायनरमधला. शोपँनं तो जेमतेम सतरा वर्षांचा असताना, १८२७च्या सुमारास लिहिला, आणि छापला गेला शोपँ वारल्यावर सहा वर्षांनी, १८५५ साली. डोक्यावर 'हळू' अशी सूचना होती. माझ्या बोटांना ती सूचना फार मानवली. शिवाय नाव! पोलंडच्या माझोव्हिया प्रांतावरून पडलेलं असलं तरी आरंभीच 'माझं' म्हणणारं नाव मराठी माणसाला परकं कसं वाटावं? आमच्या सौभाग्यवतींनी तर पहिल्याच आठवड्यात त्याचं वऱ्हाडी करून टाकलं. "झालं का तुमचं माझुरकं? मंग जेवाले या."

वाजवायला घेतला तेव्हा मला वाटलं होतं, तीन मात्रांचा ठेका आहे, सहा मात्रांच्या दादऱ्याचा अर्धा भाऊ, यात अवघड ते काय? आठ दिवसांत स्वर बसले. 'अ'ला षड्ज मानला तर त्यात कोमल गंधाराच्या शेजारी अवचित तीव्र मध्यम येतो. मधुवंती राग ज्यांच्या कानात आहे त्यांना त्या जागी आपल्या ओळखीचं कुणीतरी परदेशातल्या फलाटावर दिसल्यासारखं होईल. स्वर असे घरचे निघाले, पण चाल काही केल्या घरची होईना. मी वाजवलेलं मुद्रित करून मुलीला पाठवलं. तिनं फार प्रेमानं कळवलं, "बाबा, छान आहे. पण परेडसारखं वाटतं." मग तिनं जाणत्या वादकांची मुद्रणं पाठवली. ती ऐकली आणि माझा आलेखाचा कागद चुरगळला. त्यांचे तीन कुठंच सारखे नव्हते. पहिला तोकडा, दुसरा लांबलेला. मध्येच तिसऱ्यावर उगीच धपकन पाय आपटलेला. पुढच्या ओळीत पुन्हा निराळंच. आणि एवढं करूनही कुणी पडत नव्हतं, नाच चालूच.

मग कळलं की माझुर्का हा एक नाच नाहीच, तीन नाचांचं ते एकत्र कुटुंब आहे. ताठ मानेचा, टाच आपटणारा मझुर. संथ, डोळे मिटून डुलणारा कुयाविआक. आणि गरगर फिरवणारा ओबेरेक. तिघांचंही जेवण तीन मात्रांच्याच ताटात, पण प्रत्येकाची खोड वेगळी. वॉल्ट्झ हा त्यांचा शहरातला सोयरा सरळमार्गी. तो 'एक'वर वजन देतो आणि दोन-तीनला कारकुनासारखं मागं चालवतो. माझुर्कात वजन कधी दोनवर, कधी तीनवर, लग्नघरातल्या किल्ल्यांच्या जुडग्यासारखं हातोहात फिरतं. हे सगळं शोपँनं पुस्तकातून घेतलेलं नव्हतं. १८२४ आणि १८२५च्या उन्हाळी सुट्ट्यांत तो शाफार्निया नावाच्या खेड्यात राहिला होता, तिथल्या शेतकऱ्यांचं गाणं-नाचणं त्यानं डोळे-कान उघडे ठेवून पाहिलं होतं. नोव्हेंबर १८३०मध्ये विशीतल्या या पोरानं वॉर्सा सोडलं. महिनाअखेरीस तिथं रशियाविरुद्ध उठाव पेटला. आणि मग तो पुन्हा कधी घरी गेला नाही. पॅरिसच्या दिवाणखान्यांत बसून मरेपर्यंत माझुर्के लिहीत राहिला. आधीचे धरून एकूण पन्नासाहून जास्त. आमच्याकडे जंबेरीच्या खुंटावर संत्र्याचा डोळा भरतात. मुळं एकाची, फळ दुसऱ्याचं. या माणसानं पॅरिसच्या खुंटावर खेड्यातल्या पावलांचा डोळा भरला. १८४९च्या ऑक्टोबरात तो गेला, तेव्हा देह पॅरिसमध्ये पुरला आणि काळीज बहिणीनं वॉर्साला नेलं. तिथल्या एका चर्चच्या खांबात ते आजही आहे.

माझ्यासारख्या गणिताच्या मास्तराला सगळ्यात मोठा दिलासा मिळाला तो एका भांडणामुळे. शोपँ एकदा शिष्याला शिकवत असताना मायरबेअर हा त्या काळचा नामांकित ऑपेराकार आत आला आणि ऐकून म्हणाला, हे तर दोन मात्रांचं आहे. शोपँ म्हणाला, तीन. मायरबेअर म्हणाला, दोन. एरवी अतिसभ्य असलेला शोपँ लाल झाला, पेन्सिलीनं पियानोवर मात्रा ठोकू लागला, पण पाहुणा ऐकेना. त्या शिष्यानं, फॉन लेन्झनं, हे लिहून ठेवलं आहे. दुसरीकडे चार्ल्स हॅले नावाच्या पियानोवादकानं शोपँला सांगितलं, तुम्ही वाजवता तेव्हा माझुर्का तीनचा नाही, चारचा वाटतो. शोपँनं आधी साफ नाकारलं. मग हॅलेनं मोठ्यानं चार मोजत त्याला वाजवायला लावलं, तेव्हा हसून म्हणाला, हा आमच्या मुलखाच्या नाचाचा स्वभावच आहे. म्हणजे एका मोठ्या माणसाला दोन ऐकू आले, दुसऱ्याला चार, आणि लिहिणारा शपथेवर सांगतो तीन. दोन, तीन आणि चार एकाच वेळी बरोबर असलेलं हे गणित मला पोरांना शिकवता आलं असतं तर किती जण पास झाले असते! निवृत्तीनंतर पहिल्यांदा मला त्या लाल शाईची थोडी लाज वाटली.

तरीही सवय जाईना. मी फोनवर टिकटिक करणारं मेट्रोनोम घेतलं, कारण वाचलं होतं की खुद्द शोपँच्या पियानोवर मेट्रोनोम कायम ठेवलेलं असे. त्याचं म्हणणं एवढंच, की डावा हात घरच्या मोठ्यासारखा वेळेवर राहावा. उजव्यानं हवं तर जरा बाहेर फिरून यावं. या फिरून येण्याला रुबातो म्हणतात, म्हणजे चोरलेला वेळ. आमच्याकडे मात्र उजवा फिरायला निघाला की डावाही चपला घालून त्याच्यामागं. फोन टिकटिकत राहिला, मी चोरत राहिलो, आणि चोरी रोज पकडली जात राहिली. आठवड्याभरानं घरातून आवाज आला, "अवो, हे काय लंगडून रायलं तुमचं? येक पाय आखूड हाय का त्याचा?" मी मोठ्या उत्साहानं म्हणालो, "अवं, लंगडायलाच पाह्यजे ते!" आतून बराच वेळ उत्तर आलं नाही. मग हळूच, "मंग बराबर तरी लंगडा."

बरोबर लंगडायचं कुठं शिकावं, हा प्रश्न घेऊन मी पुष्कळ हिंडलो, अर्थात मनातल्या मनात. कधी वाटे, आपण चुकीच्या काळात आणि चुकीच्या टोकाला जन्मलो. १९४३ ते १९४८ या काळात कोल्हापूरजवळ वळिवड्याला पोलिश निर्वासितांची छावणी होती. रशियातल्या हद्दपारीतून सुटून इराणमार्गे आलेली सुमारे पाच हजार माणसं, बहुतेक बायका आणि मुलं, तिथं पाच वर्षं राहिली. घर गेलेल्या माणसांच्या पायांत घरचे नाच तर उरलेच असणार. तेव्हा कोल्हापुरातला एखादा माझ्यासारखा मास्तर सायकल मारत छावणीच्या अंगणापर्यंत गेला असता, तर त्याला तो रेंगाळणारा दोन एखाद्या पोरीच्या पावलात प्रत्यक्ष पाहता आला असता. पण वऱ्हाडातून कोल्हापूर म्हणजे वॉर्साच. आणि माझा तर तेव्हा पत्ताच नव्हता.

कधी भुलाबाईचे दिवस आठवत. भादवी पुनवेपासून कोजागरीपर्यंत आमची ताई मैत्रिणींबरोबर घरोघर जाई, टिपऱ्या घेऊन गाणी म्हणे, आणि शेवटी झाकलेल्या डब्यातला खाऊ ओळखायचा असे. खाऊच्या आशेनं मीही मागं मागं. गाणी साधी, दोन-चार सुरांची. पण ताई टिपरी मारायच्या आधी एक सूतभर थांबे. पोरी तिच्यावर चिडत. "तू काऊन थांबतं वं?" ताई म्हणे, "थांबलं नाई तं मजा कायची?" मी तेव्हा सात-आठ वर्षांचा असेन. ताईच्या त्या सूतभराचं मोजमाप घ्यावं असं मला सुचलं नाही, आणि पुढं जे जे मोजायला शिकलो त्यात ते कुठंच बसलं नाही.

खरं उत्तर तर खिडकीबाहेर उभं होतं. डिसेंबर लागला की आमच्याकडे आंबिया बहारासाठी बागेला ताण देतात. म्हणजे पाणी तोडायचं. हिरव्यागार झाडाला समजून-उमजून तहानेलं ठेवायचं, पानं मलूल होऊन वळेपर्यंत. मग जानेवारीत ताण तोडायचा, पहिलं पाणी हलकं द्यायचं, आणि दोन-तीन आठवड्यांत सगळी बाग पांढऱ्या फुलांनी अशी दरवळते की गावात कुणाला कुणावर धड रागावताही येत नाही. ताण दिला नाही तर झाड नुसतं पाल्यावर जातं, फूल धरत नाही. जास्त झाला तर पानं गाळतं, फांद्या वाळतात. किती दिवस द्यायचा? हलक्या जमिनीत महिना-सव्वा महिना, भारी काळ्या जमिनीत दोन महिन्यांपर्यंत. पण जाणता बागवान तारखा पाहत नाही. तो पान हातात घेतो. हे मी लहानपणापासून पाहत होतो. तरी एका सकाळी खिडकीशी बसून, तोकड्या पहिल्या मात्रेनंतर दुसरीला पाणी न देता जरा थांबलो आणि मग हलकेच ती सोडली, तेव्हा त्या सुराला जो वास आला, त्यानं मी स्वतःच दचकलो. एकदाच आला. पुन्हा केलं तर पानं गळली.

मधल्या काळात मी दुसराही एक उद्योग करून पाहिला. सातव्या ओपसमधला पाचवा माझुर्का एवढासा आहे, पण त्याला शेवटच लिहिलेला नाही. शेवटी आलं की पुन्हा मागं जा, असं अखंड, अशी सूचना आहे. म्हटलं, फिरत राहिलं तर कधीतरी पाय सापडेल. शेंदूरजनाघाटात मात्र शोपँच्या त्या अनंतालाही शेवट आहे. आठव्या फेरीला वीज गेली. अंधारात मी मुक्या पट्ट्यांवर बोटं फिरवत राहिलो, कारण सुरू झालेलं थांबवावंसं वाटेना. घर एकदम शांत झालं होतं. आणि त्या शांततेत स्वयंपाकघराकडून चालत आलेला आवाज मी पहिल्यांदा नीट ऐकला.

उजवं पाऊल पडलं. मग काहीच नाही. मग डावं पाऊल, जरा घासत, जपून. आणि लगेच कपाची बशीवर किणकिण. पुन्हा उजवं. पुन्हा ती फट. डावं. किणकिण. हातात मेणबत्ती आणि चहा घेऊन सौभाग्यवती ओसरीपर्यंत येईतो, माझी बोटं मुक्या पट्ट्यांवर तिच्याबरोबर चालत होती. एक, थांब, दोन, तीन. कुठल्याही मुद्रणात ऐकलं नव्हतं इतकं अचूक. मी सांगणारच होतो, अवं, सापडलं! पण उजेडात तिचा चेहरा दिसला. डाव्या पायावर भार देण्याआधी तिनं चौकटीला हात लावला होता, आणि त्या फटीत ओठ एकदा घट्ट मिटले होते.

दोन रेंगाळत नव्हता. दुखणं सांभाळत येत होता.

गुडघा दुखतो असं ती दोन दिवाळ्यांपासून म्हणत होती. मी दोन्ही दिवाळ्यांना 'वयमान' असं उत्तर देऊन मोकळा झालो होतो, जसं बेरीज बरोबर आली की पुढचं गणित. आता मात्र मला ऐकू येऊ लागलं आणि मग ऐकू येणं थांबेना. सकाळी ती फट छोटी असे, संध्याकाळी मोठी. दिवस गेले तसा तिचा ताण वाढला. मी पियानोवर बसून ती फट मोजत असे. पहिल्यांदा कामासाठी, मग काळजीनं. मला तिच्या पायावरून माझुर्का येऊ लागला होता, दिवसागणिक सुंदर होत चालला होता, आणि याचा मला आनंद होत नव्हता. शोपँला ऐकणाऱ्यांनी त्याच्या माझुर्क्यांत घर सुटल्याची हुरहूर आहे असं म्हटलंय. मला आपलं एवढंच वाटे, की त्या नाचात कुणाचा तरी पाय खरंच दुखत असणार, आणि इतकी वर्षं लोक टाळ्या वाजवतायत.

बागेत ताण किती दिवस द्यायचा ते पानावरून कळतं. घरात कशावरून कळावं? एका संध्याकाळी ती फट इतकी लांबली की माझा तीन आलाच नाही, कप चौकटीपाशीच राहिला आणि ती म्हणाली, "अवो, जरासा हात देता का?" दुसऱ्याच दिवशी आम्ही नागपूरची वाट धरली. डॉक्टरांनी क्ष-किरणाचा फोटो उजेडावर धरला. दोन हाडांमध्ये जिथं जागा असायला हवी तिथं नव्हती. म्हणजे तिच्या पावलांमध्ये जी फट वाढत होती, तेवढीच गुडघ्यातली कमी होत गेली होती. डॉक्टर मला मात्रांचं वाटप समजावून सांगत असल्यासारखे बोलत होते. मी मान डोलावत होतो. गुडघा बदलायचं ठरलं.

आता चार महिने झाले. ती बागेपर्यंत जाऊन येते, ताण तोडल्यावरचं पहिलं पाणी यंदा तिनंच उभं राहून पाहिलं, फुलं धरल्याचा निरोपही तिनंच आणला. पावलं अगदी सारखी पडतात. एक-दोन, एक-दोन, शाळेच्या परेडला शोभेल अशी. चहा आता चाहूल न देता येतो. माझी त्यामुळे पंचाईत होते, कारण चुकीचं वाजवत असताना पकडला जातो. घरातली ती जुनी चाल आता कुठंच ऐकू येत नाही. ती जावी यासाठीच आम्ही इतकं केलं, आणि तरी कधी कधी अंधार पडताना माझे कान स्वयंपाकघराच्या दाराकडे उगीच लागतात. अशा वेळी स्वतःचा थोडा राग येतो.

परवा खिडकी उघडी टाकून मी तो 'अ' मायनरमधला वाजवत होतो. बाहेर संत्र्याची फुलं, कलमांची गाडी भरणं चाललेलं. पहिली मात्रा वाजली, मी थांबलो, दुसरीला हलकं पाणी दिलं. तेवढ्यात मागून कप टेकवल्याचा आवाज आला. ती केव्हा आली कोण जाणे. पदरानं हात पुसत तिनं ओळ पुरी होईतो ऐकलं.

"आता बराबर लंगडते," ती म्हणाली. "कुठी शिकले?"

मी म्हटलं, "पोलंडात." आणि चहाचा कप उचलला.